नळी घरी आली, व्यवस्था मात्र दवाखान्यातच राहिली

'छातीत पाणी झालंय' हे वाक्य कानावर पडलं नाही असं घर आपल्याकडे विरळाच. टीबीमुळे होतं, न्यूमोनियामुळे होतं, हृदय किंवा यकृत थकलं की होतं, कर्करोगातही होतं. फुप्फुसाभोवती दोन पातळ आवरणं असतात. त्यांच्यामध्ये एरवी दोन-चार चमचे पाणी असतं. ते लिटर-दीड लिटर झालं की फुप्फुस दबतं आणि माणसाला चार पायऱ्या चढणंही जड जातं.

टीबीचं पाणी औषधं नीट घेतली तर बहुधा आटतं. कर्करोगाचं मात्र बहुतेकदा पुन्हा भरतं. सुईने काढा, आठ-पंधरा दिवसांत परत तेच. अशा रुग्णांसाठी एक सोय आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. छातीत एक मऊ सिलिकॉनची नळी बसवतात. ती थोडी कातडीखालून नेतात, बाहेरच्या टोकाला झडप असते. एरवी ती बंद, वर ड्रेसिंग, त्यावर शर्ट. एक-दोन दिवसांआड घरीच बाटली जोडून पाणी काढायचं. एका वेळी साधारण लिटरच्या वर नाही. आणि खोकला किंवा छातीत दुखणं सुरू झालं की तिथेच थांबायचं. बऱ्याच जणांचं पाणी काही आठवड्यांनी आपोआप थांबतं, मग नळी काढून टाकतात.

ब्रिटनमध्ये १०६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला ही नळी बसवली, दुसऱ्या गटाला दाखल करून छातीत टाल्क पावडर सोडली. दम दोन्हीकडे सारखाच कमी झाला. पण पावडरवाल्यांचे सुरुवातीलाच साधारण चार दिवस रुग्णालयात गेले, नळीवाले बहुतेक त्याच दिवशी घरी. नळीच्या तक्रारी मात्र जास्त निघाल्या. म्हणजे घरी पाठवलं तरी मागे कुणीतरी लागतंच.

माझं दुखणं नेमकं तिथे आहे. कोपरला राहणाऱ्या माझ्या भावोजींना गेल्या वर्षी अशी नळी बसवली. तीन महिने ताई पाणी काढत होती. दहावी शिकलेली बाई. हात साबणाने धुऊन, हातमोजे घालून, किती मिली निघालं ते वहीत लिहून, अगदी नर्ससारखं काम करायची. भावोजी रात्री आडवे होऊन झोपू लागले, बाजारापर्यंत चालत जाऊ लागले. नळीने दिलं ते हे, आणि ते थोडं नाही.

पण एका शनिवारी संध्याकाळी नळीभोवती लाली आली, ड्रेसिंग भिजलं. जवळच्या दोन दवाखान्यांत एकच उत्तर : 'आम्ही हात लावणार नाही, जिथे बसवली तिथे जा.' तिथे म्हणजे मुंबईत. कोपरला फास्ट लोकल थांबत नाही. कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जायची मुभा आहे, पण डब्यापर्यंत पोचायला जिने आहेतच. दम लागलेल्या माणसाला स्लो लोकलने तासाभराहून जास्त न्यायचं, ते एक ड्रेसिंग आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांसाठी!

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच आता पाच लाखांचं आहे, चांगलंच आहे. पण योजनेची सगळी रचना दाखल होण्याभोवती. घरी लागणाऱ्या बाटल्या, ड्रेसिंगचं सामान, घरी येणारी नर्स, हे सगळं कुटुंबाच्या खिशातून. माणूस खाटेवर असेल तर सरकारला दिसतो, घरी गेला की दिसेनासा होतो. उलट घरी राहून तो सरकारचीच खाट मोकळी करत असतो.

हे अशक्य नाही. केरळने २००८ मध्येच पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं आणि पंचायतींमार्फत नर्स घरोघरी पाठवली. आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही पॅलिएटिव्ह केअर आहे. यादीत आहे, वस्तीत आणायची बाकी आहे.

माझं मागणं मोठं नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई या दोन रुग्णालयांत प्रत्येकी दोन नर्सना या नळीचं प्रशिक्षण द्यावं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ड्रेसिंग व्हावं, रविवारीही उचलला जाईल असा एक फोन असावा, बाटल्या किंवा पिशव्या मोफत मिळाव्यात. यासाठी नवी इमारत लागत नाही, उद्घाटनाचा नारळही लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणाला सुचत नसावं.

आणि ज्यांच्या घरी अशी नळी आहे त्यांना एवढंच सांगणं : ताप, लाली, पू, पाणी एकदम बंद होऊन दम वाढणं, यातलं काहीही दिसलं तर सोमवारची वाट बघू नका.

भावोजी पावसाळ्यात गेले. घरीच, ताईजवळ. ती वही तिने अजून ठेवली आहे. आरोग्य विभागातल्या कुणाला बघायची असेल तर मी घेऊन येतो.