तिचे ‘ब्याड’

मूल पहिला शब्द बोलते तो दिवस घरात सर्वांच्या लक्षात राहतो. ते पहिल्यांदा ‘नको’ म्हणते तो दिवस मात्र कोणी लक्षात ठेवीत नाही. खरे म्हणजे त्याच दिवशी घरात एक नवे माणूस आलेले असते. तोवर भरवू ते खाणारे, नेऊ तिकडे येणारे बाळ आता स्वतःची इच्छा सांगू लागते. दोन-अडीच वर्षांच्या वयातील या हट्टाला आपण आडमुठेपणा म्हणतो. बालमानसाचे अभ्यासक त्यात ‘मी’पणाची जाणीव पाहतात.

आमच्या धाकटीने हा नकार उच्चारला तो कानडीतून. भाताचा घास पुढे केला, तर मान वळवून ती ठामपणे म्हणाली, “ब्याड!” शेजारच्या कानडी अक्कांच्या ओसरीवर तिचा अर्धा दिवस जातो, तेव्हा हा शब्द कोठून आला ते उघडच होते. आम्ही सारे हसलो. निपाणीहून आलेली माझी आजी मात्र हसली नाही. “पोरीचं पहिलं ‘नको’सुद्धा आपल्या भाषेत नाही की गं,” एवढेच ती म्हणाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्या वेळी आजी शाळकरी मुलगी होती. भाषेचा प्रश्न तिला वर्तमानपत्रातला वाटत नाही. तो तिच्या घरातला आहे. म्हणून तिचे बोलणे माझ्या मनात राहिले.

त्यानंतर मी धाकटीकडे अधिक लक्ष देऊ लागले. एकाच घरात, एकाच हाताखाली वाढलेली माझी दोन मुले किती निराळी! थोरला हातातला लाडू दुसऱ्याला देऊन टाकील. ही आधी त्याचे भाग मोजील, मगच वाटील. फ्रॉकची बटणे चुकीची लागली तरी चालतील, पण ती लावणार तीच. भाषेच्या बाबतीतही तिची अशीच स्वतःची व्यवस्था आहे. अक्का दिसल्या की कानडी, मी दिसले की मराठी. दोन भाषांत वाढणारी मुले ऐकणाऱ्या माणसाप्रमाणे भाषा बदलतात आणि शब्दांची सरमिसळ हे गोंधळाचे लक्षण नव्हे, असे अभ्यासक सांगतात. बसमधून निपाणीला जाताना दुकानांच्या पाट्या पाहून ती एकदा म्हणाली, “ती गोल गोल अक्षरं अक्कांची, आणि ही दोरीवर वाळत घातलेली आपली.” अक्षरओळख होण्यापूर्वीच तिने दोन्ही लिप्या ओळखल्या होत्या.

अशा वेळी मला लंपन आठवतो. बेळगावात आयुष्य घालविलेल्या कवयित्री इंदिरा संत यांचे पुत्र प्रकाश नारायण संत यांनी १९९४ सालच्या ‘वनवास’पासून २००२ सालच्या ‘झुंबर’पर्यंत चार पुस्तकांत हा मुलगा उभा केला. आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या लंपनच्या मराठीत कानडी शब्द सहज येऊन बसतात. म्हणून तो कोणाही मराठी वाचकाला परका वाटला नाही. त्याच्या मनात जे चालते त्याचा मोठ्यांना फार थोडा पत्ता असतो. आईबापांनी त्या कथा मुद्दाम वाचाव्यात त्या यासाठी.

आता धाकटी सहाव्या वर्षात आहे. येत्या जूनमध्ये तिला पहिलीत घालावयाचे आहे आणि घरात रोज त्याचीच चर्चा चालते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने झटावे, असे राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम सांगते. माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्यही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्याच खटल्यात मान्य केले. तेव्हा निवड आमची आहे. यजमानांना इंग्रजी शाळा हवी. पुढच्या नोकरीची त्यांना काळजी, आणि ती खोटी नव्हे. आजीला मराठीच हवी.

मी मात्र मुलीकडेच पाहिले. अक्कांच्या नातवाशी ती कानडीत भांडते, हुकूम सोडते. पण रात्री बाहुलीला थोपटताना, कोणी ऐकत नाही असे वाटत असताना, ती मराठीत गोष्ट सांगते. कधी ती माझी गोष्ट असते, कधी तिने स्वतः रचलेली. एकान्तात मूल ज्या भाषेत स्वतःशी बोलते, तिच्यातच त्याला प्रथम वाचता-लिहिता यावे, असे मला वाटते. मी यजमानांना तेच सांगितले. दोन रात्री तिचे बोलणे दाराआडून ऐकल्यावर त्यांनीही मराठी शाळेला होकार दिला. कानडी तिला शाळेत शिकावी लागेलच. अक्कांमुळे ती तिला जड जाणार नाही.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांतूनही हिंदी, गुजराती, तेलुगू अशीच मुलांच्या तोंडी येत असेल. त्या शब्दांसाठी मुलांना रागावू नये. आपण फक्त रोज रात्री त्यांना एक मराठी गोष्ट सांगावी. आमच्या आजीनेही आता हे काम अंगावर घेतले आहे. गोष्ट लांबली की धाकटी डोळे चोळते, पण “पुरे का?” असे विचारले की उत्तर येते, “ब्याड, अजून सांग.” आजी आता हसते आणि गोष्ट पुढे सांगू लागते.