एक्का, राजा आणि तीनशे रुपये

बिदर, भालकी आणि उदगीर यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर कमलनगर हे सीमेवरचे तालुक्याचे गाव लागते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठीभाषक मुलूख हैदराबाद संस्थानाच्या वारशातून निघून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. सोयाबीन, तूर आणि उडदाच्या पैशावर चालणाऱ्या या पट्ट्यात अधिकृत जुगाराला जागा नाही. कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरीवर बंदी घातली. पलीकडच्या महाराष्ट्राने कॅसिनोंना वाव देणारा १९७६ चा कायदा कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच केला. त्यामुळे कमलनगर, औराद, भालकी किंवा आळंद येथील ज्या कोणाला कॅसिनोत खेळायचे आहे, त्याची वाट अखेरीस गोव्याकडे वळते. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केल्यानंतर मांडवीतील तरंगत्या कॅसिनोंचे आकर्षण कमी होण्याचे कारण नाही.

ही बाब गोव्याच्या वाचकाला परकी वाटू नये. राज्याने २०२० मध्ये गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई केली. जुगारामुळे कुटुंबे उद्ध्वस्त होतात, हे त्या निर्णयामागचे गृहीत होते. याचा सरळ अर्थ असा की, आपल्या माणसासाठी जे घातक मानले, ते शेजारच्या माणसासाठी खुले ठेवले गेले. त्या व्यवहारातून राज्याच्या तिजोरीत शेकडो कोटी रुपये येतात. मग जो शेजारी हे पैसे आणतो, त्याला खेळाच्या अटी तरी स्वच्छपणे सांगितल्या जातात का, हा प्रश्न गोव्यालाच विचारावा लागेल.

सीमाभागाला जुगाराचा हिशेब अगदीच अपरिचित नाही. मटका बेकायदा असला तरी त्याचा भाव गावोगाव ठाऊक असतो. शून्य ते नऊ अशा दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावायचा आणि आकडा लागला तर साधारणपणे नऊ रुपये मिळायचे. शक्यता दहात एक, परतावा नऊपट. म्हणजे प्रत्येक रुपयातील दहा पैसे मटकेवाल्याचे. लावणाऱ्याला हे बहुधा माहीत असते. तो हरतो, पण किती दराने हरतो हे त्याच्यापासून लपलेले नसते.

कॅसिनोतील ब्लॅकजॅक या खेळाची कीर्ती नेमकी याच्या उलट आहे. योग्य रीतीने खेळल्यास इथे खेळाडूचे नुकसान सर्वांत कमी, असे मानले जाते आणि ते मुळात खरेही आहे. अमेरिकी लष्करातील चार तरुण गणितींनी १९५६ मध्ये या खेळाची उत्तम रीत हिशेबाने मांडली. १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प यांच्या पुस्तकाने पत्ते मोजून कॅसिनोवर मात करता येते, हे सिद्ध केले. चांगल्या नियमांच्या मेजावर, बिनचूक खेळणाऱ्याविरुद्ध कॅसिनोचा फायदा सुमारे अर्धा टक्का उरतो. मटक्याच्या दहा टक्क्यांसमोर तो नगण्य भासतो. मात्र ही कीर्ती ज्या नियमांवर उभी राहिली, त्यातील एक नियम बदलला की हिशेब कोसळतो.

तो नियम असा. पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि त्याच्या जोडीला दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा आला, की त्या जोडीला ‘ब्लॅकजॅक’ म्हणतात. तिला परंपरेने तीनास दोन या प्रमाणात पैसे मिळतात. हजार रुपये लावले असतील तर दीड हजार. गेल्या पंचवीसेक वर्षांत लास वेगासपासून हे प्रमाण अनेक मेजांवर सहास पाच झाले. हजारावर बाराशे. आकडे मोठे दिसतात, तीन-दोनपेक्षा सहा-पाच भरघोस वाटते, पण प्रत्यक्षात प्रत्येक ब्लॅकजॅकमागे तीनशे रुपये कमी मिळतात.

तीनशे रुपये क्षुल्लक वाटतील, म्हणून हिशेब पुढे न्यावा लागतो. पत्त्यांचे सहा कॅट मिसळून खेळताना अशी जोडी साधारण एकवीस डावांत एकदा येते. डीलरलाही तीच जोडी आल्याने बरोबरी होते ते डाव वगळले, तर शंभरात साडेचार वेळा खेळाडूला तिचे पैसे मिळतात. म्हणजे दर शंभर डावांमागे, हजाराच्या पैजेवर, साधारण १,३६० रुपये केवळ या बदलामुळे कमी होतात. कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्यावरून जवळपास १.९ टक्के होतो, जवळजवळ चौपट. समजा कमलनगरच्या एखाद्या भुसार व्यापाऱ्याने एका रात्री तीनशे डाव खेळले, तर उलाढाल तीन लाखांची होते. जुन्या नियमात त्याचे अपेक्षित नुकसान पंधराशे रुपये, नव्यात साडेपाच हजारांच्या वर. हे सर्व तो बिनचूक खेळला, असे धरून. पहिल्यांदाच मेजावर बसलेला पर्यटक बिनचूक खेळत नाही, त्यामुळे त्याचे नुकसान याहून बरेच अधिक.

या फरकाची खरी अडचण म्हणजे तो जाणवत नाही. शंभर डावांत नशिबाच्या चढउताराने दहा-बारा हजार इकडचे तिकडे सहज होतात. त्या लाटांमध्ये १,३६० रुपयांची गळती दिसणार कशी? जिंकलेला म्हणतो नशीब चांगले, हरलेला म्हणतो वाईट. दोघांच्याही खिशातून ठरलेला वाटा गेलेला असतो. वर्षभरात लाखो डाव मांडणाऱ्या कॅसिनोला मात्र नशीब लागत नाही. त्याच्या वहीत हा वाटा बिनचूक जमा होतो.

असाच दुसरा सापळा ‘विम्या’चा. डीलरचा उघडा पत्ता एक्का असला की खेळाडूला विमा घेण्यास सुचवले जाते. डीलरकडे ब्लॅकजॅक निघाल्यास दुप्पट पैसे मिळतात. हा सौदा बरोबरीचा ठरायला ती शक्यता एक तृतीयांश हवी. प्रत्यक्षात ती ३१ टक्क्यांच्या आसपास असते. विम्यात घातलेल्या शंभर रुपयांतील सुमारे सात रुपये जातात. नाव संरक्षणाचे, काम मात्र आणखी एका पैजेचे.

वेगासच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट दिसते. मोठ्या पैजांच्या मेजांवर तीनास दोन हे प्रमाण बरेचसे टिकून राहिले. सहास पाच आले ते प्रामुख्याने कमी रकमेच्या मेजांवर. श्रीमंत खेळाडू प्रमाण वाचून मेज निवडतो. बेताच्या पैशाचा माणूस ज्या मेजावर बसणे परवडते, तिथे बसतो आणि अधिक दराने हरतो.

यावर कॅसिनो व्यवसायाची बाजूही ऐकायला हवी. प्रौढ माणूस स्वेच्छेने येतो, नियम मेजावर असतात, खर्च मोठे आहेत आणि करही जबर आहे. यात तथ्य आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेण्यासाठी दिलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. खेळाडू जिंको वा हरो, हा कर द्यावाच लागतो. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा आणि त्यातून हरलेली रक्कम वजा होत नाही. मात्र हाच युक्तिवाद उलटही वाचता येतो. सरकारने स्वतःचा वाटा टक्क्यापर्यंत ठरवून राजपत्रात छापला. गोव्याच्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातील कलम १३अ खेळांना परवानगी देते, शुल्क घेते, अटी घालण्याचा अधिकारही सरकारला देते. खेळाडूला ब्लॅकजॅकवर किती मिळावे, हे मात्र ते कलम सांगत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात खेळाडूंनी सहास पाच या प्रमाणाला न्यायालयात आव्हान दिले. २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॅसिनोच्या बाजूने निकाल दिला. खेळाडू हरले, पण त्यांना भांडता आले, कारण राज्याच्या नियामकाने खेळाचे नियम लेखी आणि सार्वजनिक केलेले होते. कोणते प्रमाण कोणत्या नियमावलीत बसते, यावर तरी वाद होऊ शकला.

गोव्यात गेमिंग आयुक्ताचे पद आहे. परवान्याच्या अटीत एक साधी तरतूद घालता येईल: प्रत्येक मेजाचे देय प्रमाण आणि हजार रुपयांच्या पैजेमागील सरासरी नुकसान धक्क्यावरच्या प्रवेशद्वाराशी मराठी, कोकणी, कन्नड आणि हिंदीत लावावे. राज्याच्या महसुलात त्याने एक रुपयाही घटणार नाही, कारण शुल्क आणि कर या फलकावर अवलंबून नाहीत. फलक वाचूनही लोक खेळतील. पण सोयाबीनचे पैसे खिशात घालून इथवर आलेल्या माणसाला, मटक्याच्या टपरीवर जेवढी माहिती मिळते तेवढी तरी सरकारी परवान्याच्या जहाजावर मिळेल.