यादी आपली, कुलूप परक्याचे

जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून शुभांशु शुक्ला यांनी हॅम रेडिओद्वारे भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला आणि हा जुना छंद पुन्हा एकदा राष्ट्रीय बातम्यांत आला. बातम्यांत अंतराळवीर दिसले, विद्यार्थी दिसले. अशा प्रत्येक संपर्कामागे असणारी एक निरस वस्तू मात्र कोणालाही दिसत नाही. ती म्हणजे चॅनेलांची यादी.

स्थानक एखाद्या गावाच्या आकाशातून फार तर दहा-अकरा मिनिटांत निघून जाते. तेवढ्या वेळात हातातील रेडिओच्या इवल्याशा कळफलकावर आकडे भरत बसणे शक्य नसते. म्हणून वारंवारता, टोन आणि नावे आधीच संगणकावरील प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये भरून केबलने रेडिओत किंवा स्कॅनरमध्ये उतरवली जातात. या यादीत किती ज्ञान साठलेले असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. स्थानकावरील रिपीटर १४५.९९० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. तो उघडण्यासाठी ६७ हर्ट्झचा टोन लागतो. शिवाय स्थानक जवळ येताना आणि दूर जाताना डॉप्लर परिणामामुळे ४३७.८०० ची वारंवारता सुमारे दहा किलोहर्ट्झने वर-खाली सरकते. म्हणून जाणकार मंडळी एकाऐवजी पाच चॅनेल तयार करतात : ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत, पाच-पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी. ही पाच ओळींची नोंद म्हणजे भौतिकशास्त्राचा छोटा धडाच आहे. अशा शेकडो ओळी एखादा विद्यार्थी-क्लब वर्षानुवर्षे जमवतो, तपासतो आणि दुरुस्त करतो.

आणि मग तो क्लब त्या ओळी अशा फाइलमध्ये ठेवतो, जी एकाच कंपनीचे एकच सॉफ्टवेअर उघडू शकते.

या फाइलमध्ये बहुधा रेडिओच्या मेमरीची जशीच्या तशी प्रतिमा असते. यूव्ही-५आर या स्वस्त आणि सर्वपरिचित हँडसेटचे उदाहरण घ्यावे. त्यात प्रत्येक चॅनेलच्या नोंदीला सोळा बाइट मिळतात. १४५.८०० मेगाहर्ट्झ ही वारंवारता तेथे ०० ०० ५८ १४ अशी, उलट्या क्रमाच्या जोड्यांत लिहिलेली असते. चॅनेलचे नाव तर मेमरीच्या निराळ्याच भागात असते. यंत्राला ही रचना सोयीची आहे आणि तिच्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो माणसाच्या श्रमांचे जतन केवळ याच रचनेवर सोपवण्याला. रेडिओ बिघडला, ते मॉडेल बंद झाले, सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेनासे झाले किंवा ज्याच्या लॅपटॉपवर ते होते तो विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला, की यादी असूनही नसल्यासारखी होते. पुढची तुकडी पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ करते.

याची किंमत केवळ छंदापुरती नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातील दूरध्वनी कोलमडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये योगायोगाने उपस्थित असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम सहकाऱ्यांनी बाहेरच्या जगाशी दुवा जोडून दिला. २००१ चा भुज भूकंप आणि २०१८ चा केरळमधील पूर याही प्रसंगी हॅम कार्यकर्ते धावून गेले. अशा वेळी स्वयंसेवक जो रेडिओ हाताशी असेल तो घेऊन येतात. एका यंत्रातील यादी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात काही मिनिटांत उतरवता आली नाही, तर संकटाच्या रात्री माणसे कागदावरून आकडे वाचत एकेक कळ दाबत बसतात. तशा घाईत एक अंक चुकणे म्हणजे एक माणूस संपर्काबाहेर जाणे.

निर्मात्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी मांडला जातो : फाइल खुली केली तर लोक नको त्या वारंवारतेवर प्रक्षेपण करतील. हा युक्तिवाद टिकत नाही. प्रक्षेपणाची मर्यादा रेडिओच्या आतील फर्मवेअरने आणि परवान्याच्या कायद्याने घालायची असते. यादी वाचता न येण्याने ती घातली जात नाही. ज्याला कायदा मोडायचा आहे, तो बंदिस्त सॉफ्टवेअरमध्येही तोच आकडा टाइप करू शकतो. आणि खुली फाइल देणे अशक्यही नाही. युनिडेनच्या काही स्कॅनरमध्ये याद्या मेमरी कार्डावर साध्या मजकुराच्या फाइलांत असतात. ‘चर्प’ हे स्वयंसेवकांनी घडवलेले मुक्त सॉफ्टवेअर शेकडो मॉडेलांच्या याद्या सीएसव्ही तक्त्यात काढून देते. जे काम स्वयंसेवक उलगडा करत करत साधतात, ते निर्मात्याला एका बटणात देता येऊ नये?

सीएसव्ही म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण औषध, असे मात्र कोणी समजू नये. या तक्त्यात रेडिओच्या इतर सेटिंग येत नाहीत. त्यासाठी मेमरीची मूळ प्रतिमाही जपून ठेवावी लागते. सीएसव्ही फाइल नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केली, की ०२३ हा डीसीएस कोड निमूटपणे २३ होऊन बसतो. ‘ऑफसेट’ या स्तंभाचे तर दोन अर्थ होतात. साध्या रिपीटरसाठी तेथे दोन वारंवारतांमधील फरक असतो. पण ‘चर्प’मध्ये चॅनेल ‘स्प्लिट’ प्रकारचे असेल, तर त्याच स्तंभात प्रत्यक्ष प्रक्षेपणाची वारंवारता लिहिली जाते. वरील अंतराळ स्थानकाच्या ओळींत तेथे १४५.९९० असेल. हा भेद न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरने तो आकडा फरक म्हणून वाचला, तर चॅनेल निरर्थक होईल. म्हणजे फाइल उघडता येणे पुरेसे नाही. तिच्यातील प्रत्येक स्तंभाचा अर्थ सर्वांनी मान्य केलेला आणि लिहून ठेवलेला असावा लागतो.

रेडिओच्याच एका दुसऱ्या शाखेने हा प्रश्न चार दशकांपूर्वी सोडवला आहे. खगोलशास्त्रज्ञांनी ‘फिट्स’ हे सामाईक फाइल-स्वरूप १९८१ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याबरोबर एक व्रतही स्वीकारले : नवी आवृत्ती आली तरी जुनी फिट्स फाइल कधीही अवैध ठरणार नाही. नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणे प्रथम तिच्या स्वतःच्या एलटीए स्वरूपात नोंदली जातात; पण ती फिट्समध्ये रूपांतरित करून जगातील कोणताही संशोधक आपल्या साधनांनी अभ्यासू शकतो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांच्या दुर्बिणीला जे जमते, ते तळहाताएवढ्या रेडिओला जमत नसेल, तर अडचण तंत्राची नसून इच्छेची आहे.

शासनाकडे शब्दांचा तुटवडा नाही. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आले. शासकीय माहिती खुल्या आणि यंत्राला वाचता येईल अशा रूपात देण्याचे राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये आले. तरीही देशातील वर्णपटाचे वाटप सांगणारा २०२२ चा राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखडा पीडीएफच्या पानांत प्रसिद्ध झाला. अशा पानांतील तक्ता सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा तर तो पुन्हा हाताने उतरवून काढावा लागतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक पैशातून रेडिओ किंवा स्कॅनर विकत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने आणि आपत्ती विभागाने खरेदीच्या अटींत एक ओळ घालावी : चॅनेलांची यादी साध्या मजकुरात बाहेर काढता आणि परत भरता आली पाहिजे. हॅम संस्थांनी एकत्र बसून स्तंभांची नावे, एकके आणि अर्थ ठरवावेत. प्रत्येक क्लबने मूळ यादी मजकुराच्या फाइलमध्ये, तारीख आणि बदलांच्या नोंदीसह ठेवावी. रेडिओतील यादी ही तिची केवळ नक्कल असावी. मात्र यादी वाटण्यापूर्वी ती तपासणेही आवश्यक आहे, कारण डिजिटल रेडिओच्या फाइलमध्ये कूटलेखनाच्या किल्ल्याही असू शकतात.

विज्ञान शिकवणारी संस्था विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगते की नोंद अशी करावी, जी दुसऱ्याला वाचता येईल. प्रयोगवहीला लागू असलेला हा नियम रेडिओशी जोडलेल्या संगणकापाशी येऊन थांबण्याचे काहीच कारण नाही.