हप्ता मोजण्याआधी कागद मागा!

भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर तालुक्यांतल्या सर्व कर्जदार बहिणींनो आणि भावांनो,

धानाचे चुकारे खात्यात पडू लागले की दारासमोर वसुलीवाल्यांच्या गाड्या थांबू लागतात. मायक्रोफायनान्सवाला, बँकेचा एजंट, गावातला सावकार, सगळ्यांना तो दिवस आपल्याआधी ठाऊक असतो. त्याच दिवसासाठी हे तातडीचे आवाहन आहे. घेतलेले कर्ज फेडायचेच. पण किती घेतले, किती फेडले आणि किती उरले हे कागदावर दिसल्याशिवाय पुढचा रुपया हातातून सोडू नका.

वसुलीत ज्याच्याकडे वही, त्याचाच शब्द खरा ठरतो. हे दुखणे जुने आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते कर्जखते हिसकावून जाळण्यासाठी. त्यानंतर १८७९ च्या दख्खनच्या कायद्याने शेतकऱ्याला लेखी पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथे १९३४ च्या सावकारी कायद्याने प्रत्येक ऋणकोचे खाते वेगळे ठेवणे आणि दरवर्षी सही केलेला हिशेब देणे बंधनकारक केले. आपल्या आजोबांनाही जो हक्क होता, तो आजही आपण मागत नाही.

आजचे नियम लक्षात ठेवा.

मायक्रोफायनान्सचे कर्ज : रिझर्व्ह बँकेचे हे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. कर्जाचे कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे. त्यावर व्याज, शुल्क, तक्रार कुठे करायची ते, भरलेला प्रत्येक हप्ता आणि शेवटी कर्ज फिटल्याची नोंद हवी. वसुली ठरलेल्या ठिकाणीच व्हायला हवी. लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तुम्ही तिथे आला नाहीत, तरच कर्मचारी घरी येऊ शकतो. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुली नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, थकबाकीदारांची नावे जाहीर करणे आणि कर्जाचा आकडा फुगवून सांगणे, हे सारे निषिद्ध आहे.

बँक आणि फायनान्स कंपनीचे कर्ज : १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे सक्तीचे आहे. सगळे खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो, ते त्यात लिहिलेले असते. त्यात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. बँकेच्या एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र हवेच. वसुलीचा फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच यावा.

सावकाराचे कर्ज : महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही कर्जाचे लेखी विवरण आणि परतफेडीची पावती द्यावीच लागते. शेतकऱ्यासाठी ठरवून दिलेला कमाल वार्षिक दर तारणावर ९ टक्के, बिनतारणी १२ टक्के. इतरांसाठी १५ आणि १८ टक्के. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ, हे विसरू नका. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही घेणे गुन्हा आहे. अवैध सावकारीत जमीन गेल्या १५ वर्षांत गेली असेल, तर ती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

आता करायचे ते हे :

१. पैसे देताना तिथल्या तिथे कार्डावर नोंद आणि सही घ्या. ‘नंतर लिहितो’ म्हणाला तर ‘मग नंतर देते’ म्हणा.

२. एजंटाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवू नका. ते कंपनीच्या खात्यातच जायला हवेत.

३. घरात एक वही ठेवा. कोण आला, किती वाजता आला, काय बोलला आणि किती नेले, ते त्याच दिवशी लिहा.

४. कर्ज फिटले की तसा दाखला घ्या. दिलेली कोरी कागदपत्रे आणि धनादेश परत मागा.

५. तक्रार लेखी करा आणि पोच घ्या. बँकेने किंवा कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करा. धमकी आली तर ११२ लावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० लावा.

मायक्रोफायनान्सच्या गटातल्या बहिणींना एक वेगळी विनंती. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना बसवून ठेवतात आणि मग आपणच तिच्यावर तुटून पडतो. तसे करू नका. आधी तिचे कार्ड तपासा. हप्ता भरूनही नोंद राहिली असेल.

उद्या गटाची वसुली बैठक असेल तर आज संध्याकाळीच सगळ्या जणी आपापली कार्डे घेऊन एका ओसरीवर बसा. जिला वाचता येत नाही, तिचे कार्ड सर्वांत आधी वाचा.