पाईप कपाटात, तंबाखू बाहेर

वस्तू जमवण्याचा छंद चांगला. कोणी नाणी जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटे, कोणी जुने दिवे. अशा छंदाने माणसाचे मन रमते, निवृत्तीनंतरचा वेळ सत्कारणी लागतो आणि रक्तदाबही जरा ताळ्यावर राहतो. त्यामुळे छंदिष्ट रुग्ण आला की मला बरे वाटते. परंतु आपल्याच जिल्ह्यातील एका वाचकाने पत्रातून जो प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. हे गृहस्थ नोकरीनिमित्त बरीच वर्षे परदेशात होते. तिथे त्यांना हाताने घडवलेले ब्रायरचे पाईप जमवण्याचा नाद लागला. आज त्यांच्याकडे तीसेक पाईप आहेत. ते लिहितात की, रोज ओढत नाही, आठवड्यातून दोनदा एखादा पाईप भरतो, धूरही छातीत घेत नाही. मग अपाय कसला?

आधी ब्रायर म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे हा शब्द फारसा कानावर येत नाही. भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगराळ भागात एक झुडूप वाढते. त्याच्या खोडाच्या तळाशी, मुळाजवळ लाकडाची मोठी गाठ तयार होते. ही गाठ अतिशय टणक असते, तिच्यात वाळूतील सिलिका असते आणि ती सहजासहजी जळत नाही. गाठी खणून काढायच्या, तुकडे करायचे, तासन् तास पाण्यात उकळायचे, महिनोन् महिने सुकवायचे आणि मग त्यातून पाईप कोरायचा. फ्रान्समधील सेंट क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा धंदा भरभराटीला आला. त्यापूर्वी युरोपात मातीचे पाईप असत. चांगल्या ब्रायरवर ज्वाळेसारख्या रेषा दिसतात, आणि त्या रेषा नीट उतराव्यात म्हणून कारागीर तुकडा हातात घेऊन बराच वेळ नुसता निरखत बसतो. ही कारागिरी दाद देण्याजोगी आहे, यात शंका नाही.

आता मूळ प्रश्न. धूर छातीत घेतला नाही म्हणजे तंबाखू अंगात गेली नाही, हा समज चुकीचा आहे. पाईपच्या तंबाखूचा धूर बऱ्याचदा अल्कधर्मी असतो आणि अशा धुरातले निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात उतरते. आपल्याकडे तंबाखूत चुना मळतात, तो कशासाठी? कारण तोच. चुना तंबाखूला अल्कधर्मी करतो, निकोटिन मोकळे होते आणि तल्लफ लवकर भागते. म्हणजे परदेशी पाईपवाला साहेब आणि आपला बांधावर बसून तंबाखू मळणारा शेतकरी, दोघांच्या तोंडात एकच रसायनशास्त्र चालू असते. एकाच्या हातात ब्रायर, दुसऱ्याच्या हातात चंची, एवढाच फरक. पाईप ओढणाऱ्यांत ओठाचा कर्करोग अधिक दिसतो, हे सोमरिंग नावाच्या जर्मन वैद्याने १७९५ सालीच नोंदवून ठेवले होते. ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका यांना धूर लागतोच. तो छातीपर्यंत नेला नाही म्हणून हे अवयव वाचत नाहीत. आठवड्यातून दोनदा ओढल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि दोनदाचे चारदा कधी झाले, हे ओढणाऱ्याला कळत नाही.

हुक्का आणि चिलीम यांच्याबद्दलही असेच गैरसमज आहेत. हुक्क्यातल्या पाण्याने धूर थंड होतो, पण विष गाळले जात नाही. निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड वायू पाण्यातून आरामात पार होतो. तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर आत जाऊ शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली दिला होता. चिलमीच्या बुडाला गुंडाळलेली ओली साफी धूर गाळते, हेही तसेच. वर ती चिलीम चार जणांच्या तोंडातून फिरते आणि त्यातल्या एकाला क्षय असेल तर बाकीच्यांची पंचाईत.

पण मला आज खरे सांगायचे आहे ते वेगळेच. तंबाखूला प्रतिष्ठा तंबाखूने मिळवून दिलेली नाही, ती तिच्या भांड्याने मिळवून दिली. याचा दाखला आपल्या दख्खनमधलाच आहे. असद बेग नावाचा अकबराचा सरदार विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्याने ती आग्र्याला दरबारात नेली, पण पुडीत बांधून नव्हे. रत्ने आणि मीनाकारीने सजवलेली लांब नळी, अकीकाचे मुखपात्र, सोन्याची जळती, असा सगळा थाट करून चांदीच्या तबकात त्याने ती बादशहापुढे ठेवली. बादशहाला वस्तू आवडली आणि त्याने झुरका घेतला. दरबारच्या हकिमाने तिथल्या तिथे विरोध केला. ज्या वनस्पतीविषयी आपल्या ग्रंथांत काही नाही ती घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. अकबराने पुढे फारशी ओढली नाही, पण सरदारांनी उचलली, आणि सरदारांची पाहून रयतेने. १६१७ साली जहांगीरने बंदीचे फर्मान काढले, तोवर उशीर झाला होता. हकीम हरला आणि नळी जिंकली. चारशे वर्षांनी आम्ही डॉक्टर मंडळी अजून त्याच हकिमाच्या जागी बसलो आहोत.

आपल्या घरांतही हेच घडते. सोनईजवळच्या एका वस्तीवरचे एक शेतकरी माझे रुग्ण होते. त्यांच्याकडे दोन झाकणांची पितळी डबी होती, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. वापरून वापरून ती सोन्यासारखी चमकत असे. गालाच्या कर्करोगाने ते गेले. शस्त्रक्रिया झाली, शेक झाले, शेवटी पाणीसुद्धा नळीने द्यावे लागत होते. दोन वर्षांनी त्यांचा १९ वर्षांचा नातू तोंड तिखटाने जळते म्हणून आला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि खिशात तीच डबी. आजोबांची आठवण म्हणून त्याने ती घेतली होती; रिकामी बरी दिसेना, म्हणून भरली, आणि भरली म्हणून खाल्ली. चट्ट्याचा तुकडा काढून तपासून घेतला. सुदैवाने कर्करोग नव्हता. पोराने तंबाखू सोडली आणि चार महिन्यांत चट्टा बराच फिकट झाला. डबी आज त्यांच्या घरी कोनाड्यात आहे, घासूनपुसून, रिकामी.

वारसा म्हणून वस्तू द्यावी. सवय देऊ नये. या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या, याचा धडा पुण्याच्या शुक्रवार पेठेत पाहायला मिळतो. डॉ. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून आपल्या लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९६२ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. सुमारे २० हजार वस्तूंच्या त्या संग्रहात हुक्के आहेत, पानाचे डबे आहेत, आणि अडकित्ते तर असे की पाहत राहावे. घोड्याचे, पक्ष्याचे, माणसांच्या जोडीचे. तिथे कोणी सुपारी कातरत नाही, कोणी हुक्का पेटवत नाही. तरी त्या वस्तूंची शोभा तसूभर कमी होत नाही. उलट तंबाखू गेल्यावरच कारागीर दिसू लागतो.

म्हणून पत्रलेखक वाचकांना माझे सांगणे असे. पाईप जरूर जमवा, पण ओढू नका, एकही. जुना वापरलेला पाईप घेतला असेल तर त्याच्या आत साठलेला काळा थर आणि डिंकासारखा चिकट राप काढून टाका. त्यात निकोटिन असते. साफ करताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. नातवंडांच्या हाती खेळायला देऊ नका, कारण लहान मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. कपाटाला काच आणि कुलूप असू द्या. पाईप ओढतानाचे आपले फोटो दिवाणखान्यात लावू नका. जुन्या हिंदी चित्रपटांतला श्रीमंत बाप पाईप तोंडात धरूनच जिना उतरायचा. पोरांच्या डोक्यात रुबाब आणि धूर यांची गाठ तिथेच पडली.

आपल्याकडे पाईप ओढणारे मोजकेच, हे मला ठाऊक आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. स्त्रियांत हे प्रमाण १६.६ टक्के होते. त्यात मिश्रीचा वाटा मोठा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पहाटे कोपीसमोर मिश्री घासत बसलेल्या बाया दिसतात. त्यांतल्या कित्येक गरोदर असतात. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आधीच अडीच किलोच्या आत-बाहेर असलेल्या बाळाला एवढी घट परवडत नाही. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, २०१८ साली हुक्का पार्लरवर बंदी आली. कायदे हवेतच. पण मिश्रीची डबी आणि कंबरेची चंची कायद्याला दिसत नाही.

यासाठी एक सूचना करतो. आपल्या गावातील शाळांनी किंवा वाचनालयाने काचेचे एक कपाट ठेवावे. ज्याने तंबाखू सोडली, त्याने आपली डबी, चंची, चिलीम किंवा मिश्रीची डबी स्वच्छ करून तिथे द्यावी. चिठ्ठीवर नाव घालायची गरज नाही. किती वर्षे वापरली आणि कोणत्या साली सोडली, एवढेच लिहावे. पाच-दहा वर्षांत चांगला संग्रह होईल आणि तो पाहणारी पोरे सुटकेची वर्षे वाचतील.

तोवर प्रत्येकाने आठवड्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडावे. स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का पाहावे. जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुखण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. सुरुवातीला हे दुखत नाही, हीच मोठी फसगत आहे. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड होईल, झोप मोडेल, हात सारखा खिशाकडे जाईल. त्या वेळी खिशात डबी असू नये. ती कोनाड्यात असावी, नाहीतर शाळेच्या कपाटात.