पोटातले जंतू आणि काकूंची गोळी

मैत्रिणींनो, परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक काकू लंगडत आल्या. पायाला जखम, तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती. शुगर तपासली तर जेवणानंतरची ३१०! खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन महिने गोळी बंद. दारावर आलेली एक बाई पावडरचा डबा विकून गेली होती. "पोटातले चांगले जंतू वाढले की डायबिटीस मुळापासून जातो," म्हणे. डबा साडेआठशेचा. आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी मात्र सोडली!

राग आला. पण घरी येऊन वाटलं, यात तथ्य किती ते तरी पाहावं. मी आर्ट्‌सची, विज्ञान वाचताना दमछाक होतेच. तरी वाचलं. ती निव्वळ थाप नव्हती. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याच्या अस्तराचं पोषण होतं. चीनमध्ये ३४५ जणांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेह्यांच्या पोटात ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी आढळले. आपल्या पुण्यातही डॉ. योगेश शौचे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासारख्यांनी मधुमेह्यांचे जिवाणू तपासले. २०१७ च्या त्यांच्या लेखातही निरोगी माणसांपेक्षा फरक दिसला.

पण जंतू बदलले म्हणून साखर वाढली, की साखर वाढली म्हणून जंतू बदलले? हे अजून नक्की झालेलं नाही. ती बाई नेमकं हेच सांगत नाही. शिवाय २०१५ मध्ये लक्षात आलं, की जो फरक आजाराचा वाटत होता त्यातला बराचसा मेटफॉर्मिन या औषधामुळे होता. या औषधाचा थोडा गुण जंतूंमार्फतच येतो, असंही आता दिसतंय. आणि काकूंनी सोडलेली गोळी कुठली? मेटफॉर्मिनच!

२०१८ मध्ये चीनमधल्याच प्रयोगात मधुमेह्यांना भरपूर चोथ्याचा आहार दिला, त्यांची साखर जास्त उतरली. पण औषध दोन्ही गटांना चालू होतं, बरं का.

चोथा काय, आपल्या घरातच होता. वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी. आता श्रीवर्धनात सकाळी चहाबरोबर खारी-बटर आणि दुपारी पांढराशुभ्र भात. मासळीत चोथा नसतो, हे आमच्याकडे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं! मासळी खा हो, पण ताटात भाताचा डोंगर कमी करून उसळ वाढा. मात्र शुगर असलेलीने आहारात मोठा बदल करताना डॉक्टरांना सांगावं, आणि गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

काकूंची गोळी परत सुरू झालीय, पायाचं ड्रेसिंगही रोज चालू आहे. "डब्याचं काय केलंत?" विचारलं, तर म्हणाल्या, "धुऊन त्यात कुळीथ भरलेत गं. झाकण घट्ट आहे त्याचं."