विम्याच्या कागदावरील ‘स्थानिक भाषा’ कोणाची?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने विमा कायद्यांत दुरुस्ती केली आणि विमा कंपन्यांतील परकीय भांडवलाची मर्यादा ७४ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेली. १९९९ च्या कायद्याने २६ टक्के किलकिले केलेले दार २०१५ मध्ये ४९, २०२१ मध्ये ७४ असे करीत आता सताड उघडले आहे. त्याआधी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर माफ झाला. त्याचे स्वागत आम्हीही केले. परंतु भांडवल कोणाचे आणि कर किती, या चर्चेच्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. ज्याच्या जिवाचा विमा उतरवला जातो, त्याला विम्याचा कागद वाचता येतो काय?

हा प्रश्न आम्हाला एका अर्जाने शिकवला. खानापूर तालुक्यातील एक गृहस्थ बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होते. पाच लाखांची पॉलिसी घेऊन अडीच वर्षे झाली आणि हृदयविकाराने ते गेले. पत्नीने दावा केला. कंपनीचे इंग्रजी पत्र आले: रक्तदाबावर उपचार सुरू असल्याची माहिती प्रस्ताव अर्जात दडवली, सबब दावा नामंजूर; भरलेले हप्ते तेवढे परत मिळतील. पत्र घेऊन त्या समितीच्या कार्यालयात आल्या. आम्ही प्रथम प्रस्ताव अर्जाची प्रत मागितली, तर ती त्यांच्या घरी कधी आलीच नव्हती. वास्तविक प्रस्ताव स्वीकारल्यावर ही प्रत विनामूल्य देण्याचे बंधन २००२ च्या नियमावलीपासून आहे. दोन स्मरणपत्रांनंतर प्रत आली.

सगळा अर्ज इंग्रजीत, एजंटाच्या हस्ताक्षरात. शेवटी गृहस्थांची बाळबोध वळणाची मराठी सही. सहीच्या खाली छापील जाहीरनामा होता, की अर्जातील मजकूर सही करणाऱ्यास त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितला आहे. भाषेसाठी मोकळी जागा सोडलेली होती आणि त्या जागेत लिहिले होते: ‘कन्नड’.

ज्यांना कन्नड बाजारहाटापुरते येत होते, त्यांना आजारांची इंग्रजी यादी म्हणे कन्नडमधून समजावली! एजंट आमच्याच भागातला, घरी मराठी बोलणारा. त्याला विचारले, तर निरागसपणे म्हणाला, “सर, कर्नाटकातला अर्ज म्हटल्यावर तिथं कन्नडच लिहायची पद्धत आहे.” रक्तदाबाचे विचारले होते का? “तसं एकेक कोण विचारत बसतंय सर?” गृहस्थ गोळ्या घेत होते हे खरे आहे. मराठीत विचारले असते तर त्यांनी सांगितले असते किंवा नसतेही. पण प्रश्नच न विचारता उत्तर चुकीचे ठरवणे, हे शाळेच्या परीक्षेतसुद्धा कोणी खपवून घेणार नाही.

कायदा मात्र सहीकडे पाहतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आयुर्विमा प्रकरणात स्पष्ट केले, की अर्ज न वाचता वा न समजता सही केली ही सबब ऐकता येणार नाही. त्या प्रकरणातील माणसाने अवघ्या दोन महिन्यांपूर्वी घेतलेली दुसरी मोठी पॉलिसी सांगितली नव्हती, तेव्हा निकालाशी आमचे भांडण नाही. परंतु निकालात आधार घेतला गेला तो म्हैसूर उच्च न्यायालयाच्या १९५८ च्या निवाड्याचा. अर्ज भरताना एजंट कंपनीचा राहत नाही, तो विमेदाराचा होतो, असे त्या निवाड्याचे सार. चंदगड वगळता बेळगाव जिल्हा त्या राज्यात जाऊन तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती! ज्याने अर्ज लिहिला तोच आपला माणूस, आणि त्याच्या चुकीचे धनी आपणच, हे तत्त्व परक्या भाषेत सही करणाऱ्याच्या किती अंगाशी येते, हे सीमाभागाइतके कोणाला कळणार?

दिलासा आहे, पण तो फारसा कोणाला माहीत नाही. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४५ हे २०१५ मध्ये नव्याने लिहिले गेले. त्यानुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणास्तव तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. वरील पॉलिसीला सहाच महिने कमी पडले. त्याच कलमाच्या एका स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे, की विम्यासाठी गळ घालणारा व बोलणी करणारा इसम करार होण्यापुरता कंपनीचाच एजंट मानला जाईल. २०१९ च्या प्रकरणातील पॉलिसी २००९ ची असल्याने तिला जुने कलम लागू होते. २०१५ नंतरच्या पॉलिसीधारकांनी हे वाक्य तोंडपाठ करावे असे आम्ही सुचवतो. आरोग्य विम्यासाठी २०२४ पासून हाच काळ ६० महिन्यांचा आहे. त्यानंतर सिद्ध झालेली फसवणूक सोडून इतर कारणाने दावा नाकारता येत नाही.

आता भाषेकडे वळू. २००२ च्या नियमावलीत अर्ज व कागदपत्रे संविधानमान्य भाषांत उपलब्ध करून ‘देता येतील’ असे होते. देता येतील म्हणजे न दिली तरी चालेल, हे सांगायला व्याकरणाचा शिक्षक नको. १ जानेवारी २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यासोबत सोप्या शब्दांतील ग्राहक माहिती पत्रक सक्तीचे केले, पुढे त्याच वर्षी आयुर्विमा व सर्वसाधारण विम्यालाही ते लागू केले. काय मिळणार, काय वगळले, प्रतीक्षा किती, तक्रार कोठे, हे सारे त्यात असते. ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे, असाही नियम आहे. पाऊल चांगले आहे. पण स्थानिक म्हणजे कोणाची? राज्याची, की त्या घरातील माणसांची?

आम्हाला कन्नडचा द्वेष नाही. आमची मुले ती भाषा शाळेत शिकतात, शिकावीच. कन्नड भाषकाला कन्नड कागद मिळालाच पाहिजे, आणि सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड भाषकालाही मिळाला पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच, की भाषेच्या रकान्यात काय लिहायचे ते शाखेच्या पत्त्यावरून ठरू नये, सही करणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने लिहावे. खर्चाची सबब कंपन्यांनी सांगू नये. महाराष्ट्रातील ग्राहकाने मागितले तर मराठी पत्रक त्यांना द्यावेच लागते. कोल्हापूरच्या शाखेतून निघणारा कागद बेळगावच्या शाखेतून निघायला नवे भाषांतर करावे लागत नाही. शिवाय २०२५ च्या दुरुस्तीने विमेदारांचे शिक्षण व संरक्षण यांसाठी निधीची तरतूद केली आहे. त्या शिक्षणाची भाषा कोणती, हेही प्राधिकरणाने एकदा सांगावे.

दावा नाकारला गेल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ती फेटाळली गेली किंवा महिनाभर उत्तर आले नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे निवाडे त्यांना देता येतात आणि ते कंपनीवर बंधनकारक असतात. गोव्यातील मराठी माणसाची तक्रार मुंबईला जाते, तो या बाबतीत सुदैवी. इंदूर-ग्वाल्हेरची भोपाळला, वडोदऱ्याची अहमदाबादला, आणि आपली बेंगळुरूला. गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क संविधानाचे कलम ३५० देते. लोकपाल त्या कलमात बसतात की नाही यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. आम्ही ते बसतात असे धरून चाललो आहोत.

समितीच्या कार्यालयात यापुढे दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही दोघे-तिघे बसणार आहोत. घरातील विम्याचे कागद, निदान प्रस्ताव अर्जाची प्रत, घेऊन यावी. प्रत नसेल तर ती मागण्याचा नमुना अर्ज तेथे ठेवला आहे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुभा असते, म्हणून नवी पॉलिसी घेतलेल्यांनी आधी यावे. भाषेच्या रकान्यात काय लिहिले आहे ते प्रथम पाहावे.

त्या बाईंची तक्रार आम्ही मराठीत लिहून, सोबत इंग्रजी प्रत जोडून बेंगळुरूला धाडली आहे. सुनावणीची तारीख अद्याप आलेली नाही.